अभ्यासेतर उपक्रम व महाविद्यालयीन प्रवेश

विहित अभ्यासक्रमाबाहेर, परंतु बहुधा शिक्षणसंस्थेच्या आश्रयाने चालणारे क्रीडा, नाट्य, संगीत, वादविवाद, नियतकालिक-संपादन, समाजसेवा इ. कार्यक्रम म्हणजे अभ्यासेतर उपक्रम. ते अध्ययनास पूरक असल्याने त्यांना ‘सहशालेय’ वा ‘अभ्यासानुवर्ती’ उपक्रम असेही म्हणतात. लेखी परीक्षेत न दिसणाऱ्या नेतृत्व, सहकार्य, चिकाटी यांसारख्या गुणांचा विकास हा त्यांचा मूळ हेतू होय. महाविद्यालयीन प्रवेशासाठी त्यांचे मूल्यमापन करण्याची प्रथा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील हार्व्हर्डसारख्या विद्यापीठांतील प्रवेश प्रामुख्याने प्रवेशपरीक्षेवर अवलंबून असे. १९२२ च्या सुमारास हार्व्हर्डमधील ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण एक पंचमांशाहून अधिक झाले. ते मर्यादित करावे, असे विद्यापीठाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोएल (१८५६–१९४३) यांचे मत होते. उघड मर्यादा घालण्याची कल्पना अमान्य झाल्यानंतर १९२६ मध्ये एकूण प्रवेशसंख्येवर बंधन घालून निवडीत चारित्र्य व व्यक्तिमत्त्व यांना महत्त्व देण्यात आले. आज व्यापक गुणग्राहकतेच्या नावाने समर्थिली जाणारी ही पद्धत प्रारंभी काहींना वगळण्याचे साधन होती, हे तिचा विचार करताना ध्यानात घ्यावे लागते.

उपक्रमांचे महत्त्व सर्वत्र सारखे नसते. अमेरिकेतील बहुसंख्य महाविद्यालये बहुतेक अर्जदारांना प्रवेश देतात. मात्र जेथे जागांच्या मानाने अर्ज कितीतरी अधिक असून अर्जदारांचे गुण जवळजवळ सारखे असतात, तेथे उपक्रम निर्णायक ठरू शकतात. १९७५ मध्ये १५ महाविद्यालयांनी सुरू केलेल्या ‘कॉमन ॲप्लिकेशन’ या सामाईक अर्जात आता कमाल दहा उपक्रम, त्यांतील अर्जदाराचे स्थान व त्यांस दिलेला वेळ नोंदवितात. उपक्रमांच्या संख्येपेक्षा दीर्घकालीन सातत्य व प्रत्यक्ष कार्य यांना अधिक मोल दिले जाते. हार्व्हर्डविरुद्धच्या खटल्यात तेथील अर्जदारांना विद्याविषयक, अभ्यासेतर, क्रीडाविषयक व व्यक्तिगत अशा स्वतंत्र श्रेणी दिल्या जात असल्याचे उघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वंशाधारित प्राधान्य अवैध ठरविले. उपक्रमांचा विचार करण्यास मात्र बाध आला नाही.

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप समान संधीसंबंधीचा आहे. वाद्यशिक्षण, खर्चिक खेळ, प्रवास व खाजगी मार्गदर्शन सधन कुटुंबांनाच परवडते. अर्थार्जन करणाऱ्या किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याजवळ दाखविण्यासारखे प्रमाणपत्र नसते. म्हणून कौटुंबिक जबाबदारी व नोकरी यांनाही उपक्रमांइतकेच मोल द्यावे, अशी शिफारस हार्व्हर्डच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेतील एका प्रकल्पाने २०१६ मध्ये केली. पडताळणीचा प्रश्नही बिकट आहे. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश-गैरव्यवहारात, धनिकांच्या पाल्यांना खोट्या क्रीडाकौशल्याच्या आधारे नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळवून दिल्याचे सिद्ध झाले.

भारतात प्रवेश प्रायः परीक्षेतील गुणांवर होतात. उपक्रमांना राखीव वा अधिसंख्य जागा आणि वाढीव गुण या दोन वाटांनी स्थान मिळते. दिल्ली विद्यापीठात क्रीडा व अभ्यासेतर उपक्रम यांसाठी अधिसंख्य जागा आहेत. मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने २०२४-२५ पासून क्रीडानिपुण विद्यार्थ्यांसाठी अशी सोय केली. तथापि त्यांनाही प्रवेशपरीक्षेची पात्रता गाठावी लागते. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत क्रीडा, शास्त्रीय कला, लोककला व शासकीय रेखाकला परीक्षा यांबद्दल विहित वाढीव गुण मिळतात आणि त्यांचा परिणाम अकरावीच्या प्रवेशावर होतो. नियम आगाऊ ठरलेले असल्याने या रीतीत निवडकर्त्याच्या मर्जीला वाव कमी राहतो. परंतु गुणांसाठीच छंद जोपासण्याची प्रवृत्ती तिच्यामुळे बळावते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) अभ्यासक्रम व अभ्यासेतर उपक्रम यांतील काटेकोर भेद नाकारला आहे. उपक्रम प्रवेशाचे साधन झाले, की त्यांतील स्वयंस्फूर्ती उणावते, हा पेच मात्र दोन्ही देशांत कायम आहे.