नव्या लॅपटॉपवर सगळी सॉफ्टवेअर एका आज्ञेत

भाचीने नवा लॅपटॉप घेतला आणि लगेच ब्राउझर उघडून व्हीएलसी शोधायला बसली. म्हटलं, थांब, जुना लॅपटॉप आण!

विंडोज ११ मध्ये आज्ञा देऊन सॉफ्टवेअर बसवणारं 'विंगेट' हे साधन असतंच. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आणली.

जुन्या मशीनवर टर्मिनल उघडून 'विंगेट एक्स्पोर्ट' ही आज्ञा फाइलचं नाव देऊन चालवायची. सॉफ्टवेअरची यादी जेसन फाइलमध्ये उतरते. ती पेनड्राइव्हवर घ्या.

नव्या मशीनवर 'विंगेट इम्पोर्ट' दिलं की व्हीएलसी, फायरफॉक्स, लिबरऑफिस एकामागून एक बसत जातात. अधूनमधून परवानगी विचारेल, तेवढी द्या. फसव्या डाउनलोड बटणांवर क्लिक करायची वेळच येत नाही. मला हाच सर्वांत मोठा फायदा वाटतो.

मात्र विंगेटच्या भांडारात नसलेली सॉफ्टवेअर यादीत येत नाहीत. लायसन्स की आणि तुमच्या फायलींचा बॅकअप वेगळा घ्या.

कुठे अडलं तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.