औषधाची धार

वाशीम जिल्ह्यातील मानोरा परिसरात कपाशी पेरणाऱ्या शेतकऱ्याला बोंडअळीची ओळख करून देण्याची गरज नाही. २००२ साली आपल्या देशात कपाशीचे बीटी वाण आले. या वाणाच्या पानाबोंडांतच अळीला मारणारे विष तयार होते. त्यामुळे बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटला, असे अनेकांना वाटले. परंतु असंख्य अळ्यांमध्ये थोड्या अळ्या अशाही होत्या, की ज्यांना ते विष बाधत नव्हते. बाकीच्या मेल्या, या उरल्या आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढत गेली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. वाण बीटीचेच होते आणि त्यात अळीला मारणारे विषही होते. अळी मात्र पूर्वीची राहिली नव्हती.

शेतात जे अळीच्या बाबतीत घडले, तेच माणसाच्या शरीरात जीवाणूंच्या बाबतीत घडत आहे. जीवाणू इतके लहान असतात, की ते सूक्ष्मदर्शकावाचून दिसत नाहीत. त्यांपैकी पुष्कळ निरुपद्रवी असतात आणि काही तर उपकारकही असतात. दुधाचे दही होते ते त्यांच्याचमुळे. काही जीवाणू मात्र विषमज्वर, क्षय, न्यूमोनिया यांसारखे रोग उत्पन्न करतात. अशा जीवाणूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांना प्रतिजैविके असे म्हणतात.

१९२८ साली लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाला आपल्या प्रयोगशाळेतील एका बशीत बुरशी वाढलेली दिसली. तिच्याभोवतालचे जीवाणू नाहीसे झाले होते. त्या बुरशीतील जीवाणुनाशक द्रव्याला त्याने पेनिसिलिन हे नाव दिले. पुढे फ्लोरी आणि चेन यांनी त्यापासून रुग्णांना देता येईल असे औषध सिद्ध केले. १९४५ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या दुखण्यांपुढे वैद्य हात टेकत, ती दुखणी थोड्या दिवसांत बरी होऊ लागली.

परंतु पारितोषिक स्वीकारतानाच फ्लेमिंगने जगाला सावध केले होते. पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत घेतले, तर जीवाणू मरणार नाहीत. उलट ते औषधाला दाद देईनासे होतील, असे त्याने सांगितले. त्याचे म्हणणे पुढे खरे ठरले.

असे का होते? जीवाणू फार वेगाने वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणूंची संख्या दर २० मिनिटांनी दुप्पट होते. या हिशेबाने एका जीवाणूपासून आठ तासांत दीड कोटीहून अधिक जीवाणू होऊ शकतात. इतक्या मोठ्या प्रजेत एखादा जीवाणू थोडा निराळा निपजतो. एखादा औषधाचे रेणू मोडून टाकतो, एखादा आत शिरलेले औषध बाहेर फेकतो, तर एखादा औषधाला आत येऊच देत नाही. औषधाने इतर जीवाणू मरतात आणि या वाचलेल्याला मोकळे रान मिळते. इतकेच नव्हे, तर औषधावर मात करण्याचा हा गुण तो शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. अशा रीतीने औषधाची धार बोथट होत जाते.

या संकटाचे उग्र रूप मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात दिसते. मानोरा येथील एखादा रुग्ण अत्यवस्थ झाला, तर त्याला अकोल्यासारख्या मोठ्या शहरी हलवावे लागते. तेथे श्वसनयंत्राची नळी घशातून आत घालतात, शिरेत औषधासाठी नळी असते आणि मूत्रासाठीही नळी लावलेली असते. या नळ्या प्राण वाचवितात. परंतु कातडीचा आणि घशाचा स्वाभाविक पहारा ओलांडून जीवाणूंना आत शिरण्याची वाटही त्याच करून देतात. रुग्णाची शक्ती क्षीण झालेली असते. आजूबाजूला अनेकांना तीव्र प्रतिजैविके चालू असल्यामुळे जे जीवाणू तेथे टिकतात, ते बहुधा चिवटच असतात.

२००९ साली ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कार्बापेनेम या प्रबळ औषधांना दाद न देणारे २४ जीवाणू तपासले. त्यांपैकी २२ जीवाणूंत ते औषध मोडून टाकणारे एनडीएम-१ हे द्रव्य बनविण्याची शक्ती आढळली. ही माहिती त्यांनी २०१० साली प्रसिद्ध केली. असा जीवाणू अंगात भिनला, की डॉक्टरांपाशी फार थोडे उपाय उरतात. कोलिस्टिन हे मूत्रपिंडांना अपाय करणारे म्हणून पूर्वी बाजूला ठेवलेले औषध अशा वेळी पुन्हा हाती घ्यावे लागते. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे, औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली.

यावर उपाय आहेत आणि त्यांपैकी पहिला अगदी साधा आहे. १८४७ साली व्हिएन्ना येथील सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्यास लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. आजही अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ करणे, हा रोग्याच्या रक्षणाचा मोठा मार्ग आहे. तेथे भेटीस जाणाऱ्या नातलगांनीही हा नियम पाळला पाहिजे.

दुसरा उपाय घराघरांतला आहे. साधी सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. तरीही कोणी दुकानातून चार गोळ्या आणून घेतो, कोणी शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या मुलाला देतो, तर कोणी ताप उतरताच मनाने औषध सोडतो. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून ही औषधे घेऊ नयेत. सांगितल्यास ठरलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस घ्यावीत. वेष्टनावरील उभी तांबडी रेघ हीच सूचना देत असते. जनावरांच्या बाबतीतही हेच खरे. कोंबड्या व इतर खाद्य पशूंना कोलिस्टिन देण्यास भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याच कारणासाठी.

गावच्या विहिरीचे पाणी जसे एकट्याचे नसते, तसेच प्रतिजैविकांचे सामर्थ्यही एकट्याचे नाही. विहिरीत एकाने घाण टाकली, तर तिचे पाणी साऱ्या गावाला भोवते. मानोऱ्यातील एखाद्या घरात अकारण घेतलेली गोळी आणि दूरच्या रुग्णालयात श्वसनयंत्रावर असलेला अनोळखी रुग्ण, यांचा संबंध असाच आहे. आज जपून वापरलेले औषधच उद्या त्याच्या उपयोगी पडणार आहे.