कुरण आधी खुरांना मानवतं

गाय चरायला सोडली की तिला ओला चारा मिळतो, एवढाच कुरणाचा फायदा आपण धरतो. मला मात्र त्याहून मोठा फायदा तिच्या पायांचा वाटतो. सिमेंटच्या कोब्यावर तासन्‌तास उभ्या असलेल्या गायीच्या खुरांना सतत मार बसतो, शेण-मुताच्या ओलीने खूर मऊ पडतात आणि जखमा होतात. लंगडणारी गाय गव्हाणीकडे जायला कंटाळते, मग खाणं घटतं, दूध घटतं. ती माजावर आली तरी चटकन लक्षात येत नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी काही गायी चार आठवडे कुरणावर ठेवल्या आणि काही गोठ्यातच. कुरणावरच्या गायींची चाल आठवड्यागणिक सुधारत गेली, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं. त्यांना बसायला जास्त मिळालं असेल, असं वाटेल. पण त्या दिवसाला १०.९ तास बसल्या आणि गोठ्यातल्या १२.३ तास! म्हणजे गुण विश्रांतीचा नव्हता. उभं राहायला मिळालेल्या मऊ जमिनीचा असावा.

याच अभ्यासात कुरणावरच्या गायींचं दूध आणि वजन दोन्ही घटलं, हेही सांगायलाच हवं. भरपूर दूध देणाऱ्या गायीची गरज नुसत्या गवतावर भागत नाही, खुराक लागतोच.

गायीला स्वतःला काय हवं असतं? याच विद्यापीठाच्या २०१७ मधल्या प्रयोगात गायींना वजन लावलेलं फाटक ढकलून बाहेर पडायचं होतं. ताज्या चाऱ्यासाठी त्यांनी जितका जोर लावला, निदान तितकाच कुरणासाठीही लावला. आधीच्या एका प्रयोगात त्यांना आत-बाहेर जायची मोकळीक होती, तेव्हा रात्रीचा बराचसा वेळ त्यांनी कुरणावर काढला; दिवसा ऊन चढलं की त्या गोठ्यात येत.

आपल्याकडे संकरित गायीला ऊन सोसत नाही, त्यामुळे सोडायचंच तर सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. चरायला जाणाऱ्या गायीला जंत होतात, गोचीड चिकटतात, आणि गोचिडांमार्फत थायलेरियासारखा जीवघेणा ताप येतो. कोवळा, ओला लसूणघास उपाशीपोटी भरपूर खाल्ला तर पोट फुगतं. म्हणून आधी थोडा कडबा द्यावा. गायरानंच उरली नसतील तिथे दावणीतून सोडवून मातीच्या मोकळ्या आवारात फिरू देणारा मुक्त गोठा मला जवळचा पर्याय वाटतो, फक्त पावसाळ्यात ते आवार चिखलाचं होऊ देता कामा नये.