त्वचेचा डॉक्टर मोबाइलवर: काय जमतं, काय नाही?

जांघेत खाज सुटली की आपण आधी मेडिकल गाठतो. 'गजकर्णावर काहीतरी द्या' म्हटलं की ट्यूब मिळते. चार दिवस बरं वाटतं, ट्यूब थांबवली की चट्टा आणखी पसरतो. कारण अशा अनेक मिश्र क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. ते खाज आणि लाली दाबतं, बुरशीचं मात्र फावतं. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीमना चिठ्ठी सक्तीची केली. तरीही दुकानातूनच औषध घेण्याची सवय कायम आहे, कारण भोर-वेल्ह्याहून पुण्यात ससूनला यायचं तर अख्खा दिवस मोडतो. पुण्यात राहणाऱ्यालाही रजा टाकावी लागते. ऑनलाइन सल्ला उपयोगी पडतो तो इथे.

नियम काय सांगतो?
२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर ऑनलाइन तपासून चिठ्ठी देऊ शकतात. पण क्लोट्रिमाझोलसारखी त्वचेची मलमं पहिल्यांदाच द्यायची असतील, तर व्हिडिओवर तपासणं बंधनकारक आहे. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो पाहून नवीन मलम लिहून देणं नियमात बसत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवाच.

सरकारी सोय आहे का?
आहे, आणि मोफत आहे. 'ई-संजीवनी'वर मोबाइल नंबर टाकून टोकन घेता येतं. आरोग्य केंद्रातले डॉक्टरही याच यंत्रणेतून तज्ज्ञांचा सल्ला घेऊ शकतात.

फोटो कसा काढाल?
• दिवसाउजेडी, फिल्टर आणि फ्लॅशशिवाय.
• एक लांबून, एक जवळून. शेजारी नाणं ठेवा, म्हणजे चट्ट्याचा आकार कळतो.
• आधी मेकअप पुसा, मलम लावू नका.
• आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबांचाही फोटो दाखवा. निम्मं निदान त्यातच दडलेलं असू शकतं.

प्रत्यक्ष कधी जायचं?
चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी लागते. संवेदना आणि नसा हाताने तपासाव्या लागतात, कॅमेऱ्याला ते जमत नाही. वेळीच निदान झालं तर हा आजार पूर्ण बरा होतो, औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रंग-आकार बदलणारा तीळ किंवा न भरणारी जखमही समक्षच दाखवा.

नवीन औषध सुरू केल्यावर अंगावर फोड आले, तोंड सोललं, ताप आला, किंवा चेहरा सुजून श्वास लागला, तर टोकनची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा.

बाकी खाज, मुरुम, कोंडा यांसाठी सुरुवात मोबाइलवरून करायला हरकत नाही. फक्त ती मेडिकलच्या काउंटरवरून नको.