आधी गाळाचा हिशेब

पाटबंधारे खात्यातली माझी बरीचशी नोकरी जलाशयांतला गाळ मोजण्यात गेली. त्यामुळे अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणं माशांसाठी पाडली हे कानावर आलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता: आत साठलेल्या गाळाचं काय केलं?

एल्व्हा वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक पर्वतात उगम पावते आणि उत्तरेला समुद्राला मिळते. लांबी जेमतेम ७२ किलोमीटर. मुखापासून आठेक किलोमीटरवर १९१३ साली ३३ मीटर उंचीचं एल्व्हा धरण उभं राहिलं. १९२७ मध्ये त्याच्या वरच्या अंगाला ६४ मीटरचं ग्लाइन्स कॅन्यन. सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीत चढून येतो. धरणात माशांना वाट ठेवा, असं राज्याचा कायदा सांगत होता. ती ठेवलीच नाही. बदल्यात मत्स्यबीज केंद्र काढलं, तेही १९२२ मध्ये बंद पडलं. काठावरच्या क्लॅलम जमातीचं जगणं या माशावर, आणि मासेमारीचा हक्क तर त्यांना करारानं मिळालेला. धरणं काढा, ही मागणी त्यांनी ऐंशीच्या दशकात लावून धरली, तेव्हा कुठे १९९२ मध्ये अमेरिकी संसदेनं नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला.

कायदा झाला तरी लगेच सुरुंग लावले नाहीत, आणि मला हेच मोलाचं वाटतं. धरणं ठेवून माशांसाठी शिड्या बांधाव्यात, फक्त खालचं काढावं, फक्त वरचं काढावं, दोन्ही काढावीत, की काहीच करू नये, असे सगळे पर्याय तपासले. शिडीनं मोठा मासा वर चढेलही, पण समुद्राकडे निघालेली पिल्लं जलाशयाच्या संथ पाण्यात आणि टर्बाइनमध्ये मरतात. शिवाय सॅमन अंडी घालतो गोट्या-खडीत, आणि ती खडी तर धरणामागे अडकलेली. शिडीवरून खडी उतरत नाही.

दुसऱ्या पारड्यात होतं काय? मुख्यतः पोर्ट एंजलिसच्या एका कागद गिरणीची वीज. सिंचन नाही, पूरनियंत्रण नाही. आणि वर ११० किलोमीटरहून अधिक लांबीचे प्रवाह, बहुतेक राष्ट्रीय उद्यानातले, म्हणजे जवळजवळ जसेच्या तसे. माझ्या मते निर्णय इथेच झाला. वरची नदीच बिघडलेली असती, तर भिंत पाडून मासा गेला असता कुठे?

आता गाळ. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे २ कोटी १० लाख घनमीटर. नव्वदच्या दशकातला अंदाज याहून बराच कमी होता. गाळ मोजणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. तो उपसून नळानं समुद्रात सोडावा, असा एक पर्याय होता. दुसरा, नदीलाच वाहून नेऊ द्यावा. १९९४ मध्ये वरच्या जलाशयाची पातळी साडेपाच मीटरनं उतरवून नदी गाळ कसा कापते, हे प्रत्यक्ष पाहिलं, आणि पुढे दुसरा पर्याय घेतला. सप्टेंबर २०११ मध्ये काम सुरू झालं. मासे चढायच्या दिवसांत तोडकाम थांबवायचे. शहरासाठी जलशुद्धीकरणाची नवी सोय आधीच केली होती, तरी गाळ-काटक्यांनी पाण्याची उचल तुंबली आणि ग्लाइन्स कॅन्यनचं तोडकाम वर्षभर लांबलं. ऑगस्ट २०१४ मध्ये धरणाचा शेवटचा भाग गेला. पाच वर्षांत दोनतृतीयांश गाळ वाहून गेला आणि मुखाशी जिथे नुसते धोंडे उरले होते, तिथे वाळूचा किनारा तयार झाला.

हाच निवाडा उचलून आपल्याकडे गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याला लावता येणार नाही. १९७५ मध्ये तो बंधारा सुरू झाल्यावर गंगेत वर जाणारी हिलसा मासळी आटली, हे खरंच आहे. पण त्याच्याशी कोलकाता बंदर आणि बांगलादेशाबरोबरचा पाणीकरार बांधलेला आहे. म्हणून तिथेही पर्याय एकेक करून, उघडपणे मांडले जावेत, असं मला कळकळीनं वाटतं. कोणत्या महिन्यात कोणती दारं किती उघडली तर हिलसा वर जाईल, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

एल्व्हात सगळ्यात वेगानं परतला तो उन्हाळी स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट. धरणांच्या वर शंभर वर्षं कोंडून राहिलेल्या रेनबो ट्राउटच्या वंशजांनी वाट मोकळी होताच समुद्र गाठला. कोहो सॅमन इतके वाढले की २०२३ मध्ये क्लॅलम लोकांना थोडीशी मासेमारी करू दिली. चिनूक सॅमन मात्र सावकाश वाढतोय. अजून त्यातले बहुतेक मत्स्यबीज केंद्रातलेच, आणि त्याची एक पिढी तीन ते पाच वर्षांची. नदीच्या खालच्या टप्प्यात ध्वनिलहरींचं सोनार यंत्र लावून चढणाऱ्या माशांची मोजणी करतात.