विश्लेषण : आरेतल्या बिबट्यांमुळे रेबीजचा धोका खरंच कमी होतो? '९०' हा आकडा आला कुठून?

आरे कॉलनीत बिबट्या दिसला की दोन मुद्दे हमखास चर्चेत येतात. एक, मुलांच्या सुरक्षिततेचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये युनिट १५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यात १६ महिन्यांच्या मुलीचा मृत्यू झाला होता. दुसरा, 'बिबट्या भटके कुत्रे खातो, त्यामुळे रेबीज टळतो' असा. या दुसऱ्या दाव्यामागचं गणित काय आहे?

संशोधन काय सांगतं?

मार्च २०१८ मध्ये 'फ्रंटियर्स इन इकॉलॉजी अँड द एन्व्हायर्न्मेंट' या नियतकालिकात अलेक्झांडर ब्रॅझकोव्स्की आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान परिसरातले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्रे खातात. त्यामुळे कुत्रा चावण्याच्या सुमारे १,००० घटना आणि रेबीजची शक्यता असलेली ९० प्रकरणं टळू शकतात.

आकडा कसा काढला?

कॅमेरा ट्रॅपमधल्या फोटोंत ठिपक्यांवरून प्रत्येक बिबट्या वेगळा ओळखता येतो. अशा गणनेत परिसरात सुमारे ३५ बिबटे आढळले होते. त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा साधारण ४० टक्के धरला, तर एका बिबट्यामागे वर्षाला ४३ कुत्रे, म्हणजे आठ-नऊ दिवसांना एक. पुढे कुत्रे किती जणांना चावतात आणि त्यातले किती चावे रेबीजच्या दृष्टीने धोक्याचे, हे दर लावले.

मग ९० जीव वाचले का?

नाही. '९०' म्हणजे प्रत्यक्ष वाचलेले जीव नव्हेत, तर काही गृहीतकांवर आधारलेला कमाल अंदाज. वेळेत लस घेतली तर रेबीज टाळता येतो. शिवाय हा आकडा मोजलेला नाही, साखळीतून काढलेला आहे. आहारातला कुत्र्यांचा वाटा निम्मा धरला, की ९० चे ४५ होतात. कमी झालेल्या कुत्र्यांची जागा नवे कुत्रे घेत असतील, तर फायदा आणखी घटतो.

प्रमाणही पाहायला हवं. २०१४ च्या गणनेत मुंबईत ९५,१७२ भटके कुत्रे होते. त्या तुलनेत १,५०० म्हणजे जेमतेम दीड टक्का. त्यामुळे परिणाम असलाच तर तो आरेसारख्या जंगलालगतच्या वस्तीत, कुलाब्यात नाही.

आरेकरांनी काय करावं?

सरासरी आकडा तुमच्या घरातल्या चाव्याला लागू होत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. त्यामुळे कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा.

आणि कचरा उघड्यावर टाकू नका. कचऱ्यावर कुत्रे येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. एका सवयीने दोन्ही धोके कमी होतात.