पत, गहाण आणि आपले घर

‘पत’ हा शब्द मी लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकत आलो. मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची. दुकानातून उधार आणलेल्या तेला-मिठाचे पैसे बाजाराच्या दिवशी आधी चुकते करायची, मग उरलेल्यात आमचा बाजार. ‘आपल्यापाशी पत सोडून दुसरं काय हाये?’ असे ती म्हणे. पुढे मी अमरावतीला आलो, एका विनाअनुदानित शाळेत शिक्षक झालो. २०१९ साली बडनेऱ्याकडे दोन खोल्यांचे घर घ्यावे म्हणून पाच लाखांचे कर्ज मागायला एका बँकेत गेलो. तिथे कळले की जिच्या जोरावर आईने आयुष्य काढले, ती पत या दारात चालत नाही.

साहेबाने संगणकात माझा आकडा पाहिला. ५९०. कारण असे की, चुलतभावाच्या ऑटोच्या कर्जाला मी जामीन होतो. त्याचे काही हप्ते थकले आणि ते माझ्या नावावरही नोंदले गेले. माझे स्वतःचे एकही कर्ज कधी नव्हते. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘सायबाले सांग ना, आपन कोनाचा पैसा बुडवला नाई.’ आईचे म्हणणे खरे होते. पण ते लिहिलेले कुठेच नव्हते.

घरकर्जाचा सारा प्रश्न या ‘लिहिलेले नाही’मध्ये आहे. बँक दोन कागद मागते. एक जागेचा, दुसरा माणसाच्या भूतकाळाचा. आपल्या वस्त्यांना हे दोन्ही कागद का मिळाले नाहीत, ते आधी समजून घेतले पाहिजे.

प्रथम जागेचा कागद. आपली वस्ती बहुधा गावठाणाच्या कडेला, गायरानावर किंवा सरकारी जागेवर वसलेली असते. घरटॅक्सची पावती असते, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नाव असते. पण तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. सरकारने वाटलेली जागा असेल तर ती भोगवटादार वर्ग दोनची असते. ती विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मालकीच कच्ची असेल तर बँक गहाण काय म्हणून घेणार?

ज्यांच्याकडे मालकी होती त्यांचेही काय झाले, ते माझ्या घरचेच सांगतो. आजोबांच्या नावाची दोन एकर कोरडवाहू होती. १९८८ साली आत्याच्या लग्नासाठी वडिलांनी गावातल्या सावकाराकडून पैसे घेतले. सावकाराने गहाणखत केले नाही, खरेदीखत करून घेतले. ‘पैसे दिले की जमीन परत,’ हे तोंडी. तीन हंगामांच्या कापसात वडिलांनी मुद्दल-व्याज फेडले, पण पावती एकाही पैशाची नाही. जमीन सावकाराच्याच नावावर राहिली आणि वडील त्याच रानात सालदार म्हणून राबले.

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा. त्याच्या ५८ व्या कलमात गहाणाचे प्रकार सांगितले आहेत. सशर्त विक्री हा त्यांतलाच एक. परंतु १९२९ च्या दुरुस्तीने असे ठरवले की परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल, तरच तो व्यवहार गहाण मानला जाईल. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याच्यावर ‘लिहून घे’ ही जबाबदारी टाकली गेली. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाने २०१४ मध्ये थोडी वाट मोकळी केली. सावकाराने कर्जापोटी खरेदीखताने जमीन बळकावली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, चौकशी होऊन जमीन परत मिळू शकते. त्याला मुदतीची अट आहे. वडिलांच्या बाबतीत ती कधीच उलटून गेली होती.

आता दुसरा कागद. ज्याला आपण सरसकट सिबिल म्हणतो ती कंपनी २००० साली स्थापन झाली. आज अशा चार कंपन्या आहेत आणि त्या २००५ च्या कायद्याखाली चालतात. ३०० ते ९०० मधला आकडा त्या देतात. हप्ते वेळेवर गेले का, कर्जे किती, नवीन अर्ज किती ठिकाणी केले, यांवर तो ठरतो. त्यात जातीचा रकाना नाही, हे खरे. पण तो काय मोजत नाही तेही पाहा. वीस वर्षे वेळेवर दिलेले घरभाडे त्यात सहसा येत नाही. किराण्याची फेडलेली उधारी नाही. सावकाराला पै न पै चुकती केल्याची नोंद नाही. उलट बचत गटातल्या बाईचा सूक्ष्म कर्जाचा एक थकलेला हप्ता मात्र तिथे येतो. ज्यांना बँकेच्या दारापर्यंत कधी येऊ दिले नाही, त्यांना ‘तुमचा इतिहास कुठे आहे?’ असे विचारणारे हे यंत्र आहे.

या डागाची किंमत किती, तेही मोजून पाहू. पाच लाख रुपये पंधरा वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,०७१ रुपये पडतो. तेच कर्ज १४ टक्क्यांनी घेतले तर ६,६५९. पंधरा वर्षांत फरक सुमारे २ लाख ८६ हजारांचा. माझ्या तेव्हाच्या सोळा हजारांच्या पगारात हे जवळजवळ दीड वर्षाचे वेतन झाले. ज्याच्याकडे कमी आहे, त्याच्याकडून जास्त घेण्याची ही रीत जुनीच आहे. फक्त आता तिची वही संगणकात आहे.

सरकारी योजना नाहीत असे नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४ साली सुरू झालेल्या शहरी दुसऱ्या टप्प्यात ३५ लाखांपर्यंतच्या घराच्या कर्जात पहिल्या आठ लाखांवर ४ टक्के व्याज-अनुदान आहे. एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा नऊ लाख, आणि कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नको. पण हे अनुदान ज्याचे कर्ज मंजूर झाले त्यालाच. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास आहे, पण तिथेही जागेचा प्रश्न येतोच. म्हणजे दोन्ही वाटा फिरून त्याच दोन कागदांपाशी येतात.

म्हणून ते कागद तयार करणे हे चळवळीचे काम मानले पाहिजे. १ जानेवारी २०११ पूर्वीची सरकारी जागेवरील निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाचे निर्णय आहेत. वस्तीचे अर्ज एकत्र करून त्यांचा पाठपुरावा करावा. २०२० च्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. मोजणीच्या वेळी आपली वस्ती नकाशात आली की बाहेर राहिली, हे तिथे उभे राहून पाहावे. आणि घर घेताना दस्तात नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव घालावे.

पतीचा अहवाल, म्हणजे पत-अहवाल, प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने आकडा घटत नाही. चूक आढळली तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. बँकेने नकार दिला तर कारण लेखी मागावे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत तसे सांगितले. आणि ज्याचे हप्ते आपण भरू शकत नाही, त्याला जामीन राहू नये. हे लिहिताना माझाच हात अडखळतो, कारण भावाला ‘नाही’ म्हणायला आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

मी भावाचे थकलेले हप्ते भरले, पूर्ण फेडीचा दाखला घेतला आणि २०२२ साली एका घरकर्ज कंपनीकडून १४ टक्क्यांनी पैसे उचलले. पगार सोळा हजार, बायकोच्या शिलाईचे पाच. कंपनीच्या माणसाने घरी येऊन तिच्या गिऱ्हाइकांची वही पाहिली आणि ते उत्पन्न धरले. बायकोने सहज लिहून ठेवलेली ती वही आमच्या कामी आली. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, हे ठाऊक होते. तीन वर्षे एकही हप्ता चुकवला नाही आणि मग कर्ज ९ टक्क्यांच्या बँकेत नेले.

आता आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की एक टेबल लागते. कुणी नमुना आठ आणतो, कुणी बचत गटाचे पुस्तक, कुणी खरेदीखताची जीर्ण नक्कल. आम्ही दोघे-तिघे वाचून सांगतो, अर्ज लिहून देतो. अकोल्यात, अकोट फैलातल्या मित्रांनीही असे टेबल लावावे, अशी माझी विनंती आहे. आई परवा तिथे येऊन बसली होती. एका पोराला म्हणाली, ‘पावती घेत जाय बाप्पा. आमी नाई घेतली.’